नदीपलीकडचा परवाना

हेगनेस, नॉर्थ डकोटा
९ सप्टेंबर २०१८

ती. अर्डिस आत्यास,
कर्बीचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन दोन मिनिटांत ठेवतेस आणि ईमेलवर तुझा विश्वास नाही, म्हणून हे हस्तलिखित. मागचं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवलंस, ते सिग्नेने फ्रिजवर चिकटवलंय. येणारा-जाणारा कॉफी पिता पिता माझ्या चुका वाचतो. ती माझी बायको आहे की तुझी हेर, हे दोघी मिळून एकदा ठरवा.

इकडे बीट काढायला सुरुवात झालीय. रस्ताभर ट्रक आणि चिखल. बाबांनी शेत विकलं तरी रोज सकाळी कुंपणापाशी उभे राहून दुसऱ्याच्या बिटांना नावं ठेवतात. बर्फ पडायच्या आत ॲरिझोनाला पळतील.

आता खरी गोष्ट. बियाणं विकायची नोकरी सोडून मी आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर मदतनीस झालो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून टॅमरॅक लेक कॉलेजचं ऑनलाइन एम.एड. करतोय, हे तुला ठाऊक आहे. सगळे पेपर सुटले. राहिलेत ते फक्त सरावपाठ. मी कॉलेजला फोन करून सांगितलं की सरावपाठ हेगनेसलाच, माझ्याच वर्गावर घेतो. तिकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, आमचं कॉलेज मिनेसोटाचं, अभ्यासक्रमाला मान्यता मिनेसोटाच्या मंडळाची, तेव्हा सरावपाठही मिनेसोटातच घ्यावे लागतील. मी विचारलं, मग नॉर्थ डकोटात मला शिक्षकाचा परवाना मिळणार ना? तर म्हणे आमच्या संकेतस्थळावर एक तक्ता आहे, त्यात प्रत्येक राज्यापुढे लिहिलंय: ही पदवी चालते, चालत नाही, किंवा ठरवलेलं नाही. नॉर्थ डकोटापुढे 'ठरवलेलं नाही' आहे. मी विचारलं, कोण ठरवणार? ती म्हणाली, ते पण ठरवलेलं नाही.

आत्या, आमच्या मुख्याध्यापक ब्रेक्केबाईंनी पुढच्या उन्हाळ्यात रिकामी होणारी पहिली-दुसरीची जागा माझ्यासाठी अडवून धरलीय. पुढच्या ऑगस्टपर्यंत परवानाधारक शिक्षक मिळाला नाही, तर ते दोन्ही वर्ग बंद आणि सहा-सात वर्षांची पोरं बसने जिल्ह्याच्या गावी. धान्याच्या कोठारावर मला आत्तापासून मास्तर म्हणतात. मास्तर होण्याआधीच नापास झालो, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

जीव लावतेस तसाच लाव. शाई थोडी जपून वापर.

तुझा,
कर्बी

---

लिंडाल, मिनेसोटा
१६ सप्टेंबर २०१८

चि. कर्बीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. तपासलेली प्रत सोबत आहे. प्रगती आहे. गेल्या वेळी लाल जास्त होतं की निळं, ते कळत नव्हतं.

आता मला सांग, नाव नोंदवताना त्या पडद्यावर एक चौकोन आला असेल, 'मी सर्व नियम वाचले आहेत आणि मला मान्य आहेत' असा. त्यात तू बरोबरची खूण केलीस की नाही? केलीसच. आणि वाचलं किती, तर काहीही नाही. बियाण्याच्या पिशवीवरचा बारीक मजकूर गिऱ्हाइकाला वाचून दाखवणारा माणूस स्वतःच्या आयुष्याचा करार न वाचता सही करतो. तू थेट तुझ्या बापावर गेलास.

रागावून झालं. आता डोकं चालवू. त्यांना मिनेसोटाची शाळा हवी आहे ना? मग मी राहते कुठे? दोन राज्यांमधल्या नदीवर पूल आहे, तुझ्याकडे ट्रक आहे, आणि आमच्या शाळेचा मुख्याध्यापक ऑर्विल टँगेन माझ्या हाताखाली पहिली शिकलाय. वर्गात डिंक खायचा. आता टाय लावून फिरतो, पण मला पाहिलं की अजूनही हात मागे लपवतो. मी त्याला गाठते.

इथे सरावपाठ घे, इथला परवाना काढ. मग तो परवाना घेऊन नदी ओलांडून तुझ्या मंडळाच्या दारात जा. आधी एका राज्याचा शिक्षक हो, मग दुसऱ्याचा. सरळ वाट बंद असली तर शेताला वळसा घालून जातातच की.

सिग्नेला सांग, फ्रिजवरचं पत्र काढू नकोस, हे त्याच्या शेजारी लाव.

आठवण ठेव आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ.

तुझी,
अर्डिस आत्या

---

लिंडाल
१८ नोव्हेंबर २०१८

चि. आर्लोस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

ॲरिझोनाच्या उन्हात पोहण्याच्या तलावाकाठी पडलेल्या माझ्या धाकट्या भावाला इकडच्या थंडीचा नमस्कार. काल चर्चच्या तळघरात ल्यूटफिस्कचं, त्या लिबलिबीत माशाचं, जेवण झालं. तुझ्या वाटणीचं मीच खाल्लं, म्हणजे खाल्लं असं म्हणते.

तुझ्या लेकाची बातमी. टँगेनने हो म्हटलं. मी त्याच्या कचेरीत जाऊन नुसती बसले होते. बोलले काहीच नाही. तोच म्हणाला की येऊ दे कर्बीला जानेवारीपासून. पण लगेच दुसरी अडचण. इथे पहिलीला एकच शिक्षिका, पेज नावाची मुलगी, आणि ती जानेवारीत बाळंतपणाच्या रजेवर. कॉलेजचा नियम असा की सरावपाठ घेणाऱ्याच्या डोक्यावर मार्गदर्शक शिक्षिका हवी, तिचा परवाना चालू हवा आणि तिला वर्गाचा अनुभव हवा. टँगेन केस ओढायला लागला, म्हणजे जे काही उरलेत ते. तेव्हा मी त्याला सांगितलं की अरे, मी आहे ना.

तो हसला. मग मी पर्समधून माझा परवाना काढला. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा काहींना हयातभराचा परवाना द्यायचे, तसला तो. मी निवृत्त झाले तरी परवाना झालेला नाही. टँगेनने तो उजेडाकडे धरून पाहिला, मागून पाहिला, वास घेतला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं. शेवटी मंडळाला फोन केला. तिकडून उत्तर आलं की बाई जिवंत असतील तर परवानाही जिवंत आहे.

कॉलेजच्या कॉम्प्युटरला मात्र ते पटेना. परवान्याची मुदत कधी संपते, हे भरल्याशिवाय तो पुढे सरकेना. टँगेनच्या कारकुनाने 'मरेपर्यंत' असं लिहिलं, तर तो म्हणाला तारीख लिहा. म्हणून मी माझ्या शंभराव्या वाढदिवसाची तारीख दिली. लगेच आभाराचा निरोप आला, आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायला विसरू नका अशी सूचनाही.

तर जानेवारीपासून मी पुन्हा पहिलीवर. वर्ग माझा, शिकवणार तो, चुका काढणार मी. सत्तरी उलटल्यावर माणसाला यापेक्षा काय हवं?

ऊन सोस, पण आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
ताई

---

मेसा, ॲरिझोना
२ डिसेंबर २०१८

ती. ताईस,
आर्लोचा सा. न.

पत्र मिळालं. मी तलावाकाठी पडलेला नसतो. मी इथल्या ट्रेलर-वसाहतीत चकत्या ढकलायच्या खेळाचा पंच आहे. जबाबदारीचं काम आहे. परवा दोन म्हाताऱ्यांत एका चकतीवरून बोलाचाली झाली ती मीच मिटवली. दोघेही आता माझ्याशी बोलत नाहीत.

कर्बीबद्दल मी काय बोलणार? चांगली नोकरी होती, गाडी होती, चार राज्यांतले शेतकरी नावानिशी ओळखायचे. ती सोडून हा साडेसहा फुटी, दाढीवाला गडी गुडघे कानाशी घेऊन त्या वीतभर खुर्चीत बसणार आणि 'अ'ला काना शिकवणार. वसाहतीतल्या लोकांनी विचारलं तर मी म्हणतो की मुलगा शिक्षणक्षेत्रात आहे. कुठल्या इयत्तेत ते सांगत नाही.

आणि ताई, तुला मी लहानपणापासून ओळखतो. तू इतकी गोड झालीस म्हणजे काहीतरी शिजतंय. माझं पोर नदीपलीकडे नेऊन कायमचं ठेवून घ्यायचा विचार असेल, तर आधीच सांग.

इथे लिंबं मोफत मिळतात. खोकंभर पाठवतोय. राग आला असेल तर त्यांचं सरबत कर.

कृपा राहू दे.

आर्लो

---

लिंडाल
२४ फेब्रुवारी २०१९

चि. आर्लोस,
अ. आ.

लिंबं मिळाली. थंडीने दगड झाली होती. एक मी टँगेनच्या टेबलावर ठेवलं, तो त्याचा कागद दाबायला वापर करतो.

आता तुझ्या साडेसहा फुटी लेकाची हकीकत. पहिला आठवडा वाईट गेला. पोरं त्याच्या अंगावर झाडासारखी चढायची आणि हा त्यांना सॉरी म्हणायचा. मी मागच्या बाकावर बसून विणकाम करत होते. दुपारी मला म्हणाला की आत्या, मला जमणार नाही. मी म्हटलं, अरे, त्यांना तू जमतोस की नाही ते त्यांना ठरवू दे, तू फळ्याकडे बघ.

कॉलेजच्या प्राध्यापिका, त्या डॉक्टरबाई, पाठ बघतात, पण येत नाहीत. स्टँडवर एक टॅब्लेट लावायचा, त्यात त्यांचं तोंड दिसतं. पहिल्या पाठाला कर्बीने वजाबाकीसाठी सूर्यफुलाच्या बिया आणल्या. दहातून चार घ्या म्हणाला. सगळ्यांनी घेतल्या आणि खाल्ल्या. मग सहातून तीन. त्याही खाल्ल्या, आणि उरलेल्याही. वर्गाची वजाबाकी झाली पक्की, पण बेरजेला बी उरेना. आणि या सगळ्यात मेबल नावाच्या चिमुरडीने तो टॅब्लेट उचलून हॅमस्टरच्या पिंजऱ्यापुढे ठेवला होता, कारण म्हणे ती बाई एकटी पडली होती. डॉक्टरबाईंनी अख्खा पाठ हॅमस्टर पाहिला. अभिप्रायात लिहिलं की वर्गातलं वातावरण शांत आहे. कर्बीने प्रामाणिकपणे फोन करून खरं सांगितलं आणि पाठ पुन्हा घेतला. मी असते तर सांगितलं नसतं.

मलाही दर आठवड्याला त्याच्याबद्दल चिंतन लिहून पाठवावं लागतं. मी लिहिलं, बरा आहे. तर कॉम्प्युटर म्हणाला की किमान शंभर शब्द हवेत. मग कारकुनाला सांगून बरा आहे, बरा आहे असं शंभर शब्द होईतो लिहवून घेतलं. ते मंजूर झालं.

आता हसू बाजूला ठेवून एक सांगते. ही मेबल वर्गात मोठ्याने वाचत नसे. पेज बाईंनी सगळं करून पाहिलं होतं. कर्बीने त्याच्या जुन्या नोकरीतली बियाण्यांची पाकिटं आणली, तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला की माझा चष्मा सापडत नाही, यात काय आहे ते सांग, नाहीतर मी मुळ्याच्या जागी पालक पेरीन. चष्मा त्याच्या डोक्यावर होता. मेबलने तो पाहिला आणि तरीही एकेक अक्षर लावत पाकीट वाचलं. मग दुसरं. मग सगळी. माझे टाके सुटले रे. पूर्ण ओळ उसवून पुन्हा घालावी लागली.

तू वसाहतीत इयत्ता सांग. लाजण्यासारखं काही नाही.

लोभ आहे, लिंबं पुरे.

तुझी,
ताई

---

लिंडाल
१४ एप्रिल २०१९

तीर्थरूप बाबांस,
कर्बीचा साष्टांग नमस्कार.

नदीला पूर आलाय. पूल बंद केलाय, म्हणून मी आत्याकडे अडकलोय आणि सिग्ने तिकडे हेगनेसला. दोघींच्या फोनवर गप्पा चालतात, आणि माझ्या बायकोशी बोलताना आत्या फोन दोन मिनिटांत ठेवत नाही, हे मी नोंदवून ठेवलंय.

सरावपाठ संपत आले. टँगेनसाहेबांनी काल मला बोलावून सांगितलं की पेजबाई बाळाला घेऊन आणखी एक वर्ष घरी राहणार, तेव्हा ही जागा तू घे. मिनेसोटाचा परवाना हातात पडला की दुसऱ्या दिवशी हजर हो. इथे माझी पदवी चालते की नाही हा प्रश्नच नाही. तिकडे आपल्या मंडळाकडून मात्र अजून उत्तर नाही. मी त्यांना विचारलं की ही पदवी चालेल का, ते म्हणाले कॉलेजला लिहून द्यायला सांगा. कॉलेज म्हणालं, दुसऱ्या राज्याच्या मंडळाच्या वतीने आम्ही कसं लिहून द्यावं? दोघेही मला हॅव अ नाइस डे म्हणतात.

आत्याने तर माझी बदली करूनच टाकलीय. वरची खोली रंगवली. चर्चमध्ये लोक माझं अभिनंदन करतायत. सिग्नेला म्हणे लिंडालच्या दवाखान्यात नर्सची जागा रिकामी असल्याचं आत्यानेच कळवलंय. लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, भाजता भाजता आत्या मला म्हणाली की मी तुला कशाचाही आग्रह करणार नाही, आणि लगेच दुसऱ्या खिडकीचे पडदे कुठल्या रंगाचे हवेत ते विचारलं.

बाबा, इथली पोरं मला आवडतात. नोकरी हातात आहे. तिकडे ब्रेक्केबाई अजून माझी जागा कोणाला देत नाहीत, पण ऑगस्टपर्यंत माझा परवाना आला नाही तर त्यांच्या हातात काही राहणार नाही. मी त्यांना फसवल्यासारखं होईल का? की वेळेवर नाही म्हणणं हेच शहाणपणाचं? माझं चित्त ठिकाणावर नाही. तुम्ही काय केलं असतं?

आपला आशीर्वाद असावा.

कर्बी

---

मेसा
२० एप्रिल २०१९

चि. कर्बीस आशीर्वाद.

तू मला सल्ला विचारलास हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग शेजाऱ्यालाही दाखवलं.

आत्याला काही विचारू नकोस. ती फितूर आहे.

सल्ला मी देणार नाही. मी बिटांचा माणूस. इथली बातमी सांगतो. चकत्यांच्या खेळात आता दोन पंच नेमलेत, मी आणि एक आयोवाचा. दोघांचं पटत नाही.

आणखी एक आठवलं म्हणून लिहितो. तू लहान असताना हिवाळ्यात शेतात काम नसायचं तेव्हा मी शाळेची बस चालवायचो. मोठी पोरं दंगा करायची, त्यांचं काही नाही. पण पहिलीतली पोरं बसमध्ये झोपायची. घर आलं तरी उठायची नाहीत. एकेकाला उचलून आईच्या हातात द्यावं लागायचं. आणि ती बस फक्त गावच्या गावात फिरायची. जिल्ह्याच्या गावाला जायचं झालं तर ही पोरं अंधारात निघतील.

लिंडालला टँगेनला दुसरं माणूस मिळेल. तिथे तळं आहे, सिनेमा आहे, लोक जातात. हेगनेसला कोण येणार?

बाकी तुझं तू बघ. मी काही बोललो नाही.

बाबा

---

लिंडाल
१६ जून २०१९

चि. आर्लोस,
अ. आ.

तू काही बोलला नाहीस, असं तुझं पत्र कर्बीने मला दोनदा वाचून दाखवलं. फितूर म्हणालास त्याबद्दल नंतर बघते.

हो, मला त्याला ठेवून घ्यायचं होतं. सरळ कबूल करते, कारण डाव फसलाय आणि आता लपवण्यात मजा नाही. पूल उघडल्यावर मी सिग्नेला वळवायला म्हणून हेगनेसला गेले. कर्बी गाडी चालवत होता. शाळेपाशी ट्रक थांबला तशी मैदानातली पोरं पळत आली आणि दाराला लोंबकळली. दात पडलेल्या एका पोरीने खिडकीतून मला निरखून पाहिलं आणि विचारलं की आमच्या मिस्टर कर्बीला ठेवून घेणारी बाई तूच का? मी आयुष्यभर पहिलीच्या पोरांना उत्तरं दिली आहेत. हिच्या हातात मात्र मी पर्समधली गोळी ठेवली. सिग्नेकडे कॉफी प्यायले, पडद्यांचं काही बोलले नाही आणि परत आले.

मग कामाला लागले. तुझ्याकडच्या मंडळाला मी फोन केला आणि दोन मिनिटांत ठेवला नाही. सकाळभर एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून फोनवरच्या 'कृपया थांबा'च्या संगीताकडे. शेवटी एका शांत आवाजाच्या माणसाने नीट ऐकून घेतलं. तो म्हणाला, बाई, बाहेरच्या कॉलेजची नुसती पदवी आली तर ती तपासत बसायचं कोणी, हा घोळ आहे. पण तुमच्या भाच्याकडे मिनेसोटाचा परवाना असेल, तर आम्ही पदवीकडे नाही, परवान्याकडे बघतो. त्यावर तात्पुरता परवाना देता येतो. मूळनिवासी लोकांच्या इतिहासाचा एक विषय राहिलाय, तो त्याने मुदतीत करावा. म्हणजे तीच पदवी एकटी आली तर दाराबाहेर, आणि परवान्याचा कोट घालून आली तर या बसा. मी त्याला म्हटलं की हे तक्त्यात का लिहीत नाही? तो म्हणाला, तक्ता आमचा नाही.

मिनेसोटाच्या परवान्यासाठी सरावपाठ पूर्ण झाल्याची सही टँगेनची हवी होती. तो रुसला होता. सही केली की माणूस हातचा जातो, हे त्याला कळत होतं. कर्बी स्वतः त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला की साहेब, तुम्ही मला वर्ग दिलात, मी तुमचं ऋण विसरणार नाही, पण मी हेगनेसला जाणार, आणि हे लपवून मला तुमची सही नको. टँगेनने टायची गाठ सैल केली. मग सही केली आणि माझ्याकडे वळून म्हणाला की आता माझ्या पहिलीला शिक्षक तुम्हीच शोधा.

शोधला. पेज परत येईपर्यंत मीच. माझा परवाना चालू आहे, तुला ठाऊकच आहे.

मेबलने कर्बीला निरोप म्हणून मुळ्याचं पाकीट दिलं, आतल्या बियांसकट. ट्रकमध्ये बसून त्याने ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. मी खिडकीतून पाहत होते, पण तुला सांगितलं म्हणून त्याला सांगू नकोस.

माया कमी होऊ देऊ नकोस.

फितूर ताई

---

हेगनेस
१८ ऑगस्ट २०१९

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तात्पुरता परवाना काल आला. पोस्टमन जेसने दार वाजवून दिला आणि आत येऊन कॉफीला बसला, कारण त्याची नात पहिलीत आहे आणि त्याला पाकीट उघडताना बघायचं होतं. ब्रेक्केबाईंना फोन केला तर पलीकडून काही आवाजच येईना. मग कळलं की त्या फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना सांगायला गेल्या.

राहिलेला विषय मी इथल्या आदिवासी कॉलेजातून करतोय, तोही ऑनलाइन. नाव नोंदवायच्या आधी या वेळी सगळे नियम वाचले, मंडळाला लेखी विचारलं आणि उत्तर हातात आल्यावरच खूण केली. सिग्ने म्हणाली की तुझं लग्नही असं वाचून केलं असतंस तर मी सुटले असते. शिकवणारे गृहस्थ डकोटा जमातीचे आहेत, म्हातारे आणि मिस्कील. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की तुमचं शेत तुमच्या आधी कोणाचं होतं. मी म्हणालो, माझ्या आजोबांचं. ते हसले आणि म्हणाले, त्याच्या आधी? चाळीस वर्षं त्या मातीत वाढलो आणि मला सांगता आलं नाही. आता पोरांना ते सांगता येईल असं वाचतोय.

तुझा वर्ग कधी सुरू होतो? दुसरीत गेलेल्या मेबलला माझा नमस्कार सांग.

तुझाच आधार आहे, तो असू दे.

कर्बी

---

हेगनेस
२२ सप्टेंबर २०१९

ती. ताईस,
आर्लोचा सा. न. वि. वि.

या वर्षी मी ॲरिझोनाला उशिरा जाणार आहे. कारण विचारू नकोस, खाली लिहिलंय.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी सहज म्हणून तिकडून चाललो होतो. शाळा आपल्या रस्त्यात नाही हे मला माहीत आहे. खिडकीतून पाहिलं. कर्बी खरंच त्या वीतभर खुर्चीत बसला होता, गुडघे कानाशी, आणि एकही पोर त्याला हसत नव्हतं. त्यांना वाटत असणार की शिक्षक असेच बसतात. तो काय सांगत होता ते काचेतून ऐकू आलं नाही, पण सगळी पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी जरा जास्तच वेळ थांबलो. ब्रेक्केबाईंनी बाहेर येऊन विचारलं की काही हवंय का. तोंडातून निघून गेलं की दर शुक्रवारी येऊन पोरांना गोष्ट वाचून दाखवीन म्हणतो. त्या खूश झाल्या आणि म्हणाल्या की या, फक्त आधी ठसे द्या. वर्गात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाची तपासणी लागते म्हणे.

शेरीफच्या कचेरीत गेलो. काचेवर बोटं ठेवली तर यंत्र म्हणालं, बोटं ठेवा. पुन्हा ठेवली. तिथल्या मुलीने माझी बोटं पुसली, दाबली, मलम लावलं. काही उमटेना. बिटांनी आणि बर्फाने सगळ्या रेषा खाऊन टाकल्यात. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही बँक लुटली असतीत तर आम्ही तुम्हाला कधीच धरलं नसतं. आता कागद राजधानीला गेलेत, तिकडून उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर मी वर्गात जाऊ शकत नाही. माझ्या लेकाला दोन राज्यांनी परवाना दिला आणि मला एकही राज्य गोष्ट वाचू देत नाही.

तुझ्या भाच्याने नियम नीट वाचला. त्यात वर्गाच्या आत येण्याबद्दल लिहिलंय, बाहेर उभं राहण्याबद्दल काही नाही. ब्रेक्केबाईंना विचारून त्याने शुक्रवारी खिडकी वर सरकवली, सगळ्या सतरंज्या खिडकीखाली ओढल्या आणि बाहेर भिंतीशी माझ्यासाठी बाक आणून ठेवला. मी टोपी घालून बाहेर बसलो आणि अस्वलाची गोष्ट वाचली. अस्वलाचा आवाज काढला तेव्हा दोन पोरी रडल्या, मग त्यांनीच पुन्हा काढायला सांगितला. गार वारा सुटला होता तर एका पोराने खिडकीतून स्वतःचा मफलर खाली सोडला. तो माझ्या गळ्याभोवती एकदाही पुरत नव्हता. तसाच धरून बसलो.

पुढच्या शुक्रवारी काय वाचू ते कळव. बर्फ पडायच्या आत आणखी बऱ्याच गोष्टी होतील.

तुझा भाऊ, पहिलीच्या खिडकीबाहेरचा,
आर्लो